ताई, तुमची वही अजून माझ्याकडेच आहे

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

परदेशी यायला निघताना तुम्ही हातात ठेवलेली निळ्या पुठ्ठ्याची वही अजून माझ्याकडेच आहे. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र.

निघण्याआधी मी ज्याला त्याला विचारत सुटलो होतो. सगळ्यांनी याद्या दिल्या: व्हिसा, बँकेचं खातं, विमा, भाडेकरार. याद्या उपयोगी पडल्या, पण ती कामं पहिल्या दोन महिन्यांतच उरकली. खरी पडझड पुढे सुरू झाली, आणि तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

चौथ्या महिन्यात मला फोनची धास्ती बसली. माणूस समोर असला की चेहऱ्यावरून, हातवाऱ्यांवरून अर्थ लागतो. फोनवर नुसता आवाज. डॉक्टरांची वेळ घ्यायला फोन केला. पलीकडून एकच वाक्य दोनदा ऐकू आलं, दोन्ही वेळा डोक्यावरून गेलं, आणि मी धन्यवाद म्हणून फोन ठेवून दिला. मग कितीतरी वेळ जिन्यात बसून होतो. पंधरा वर्षं नोकरी केलेल्या मला साधी वेळ घेता येत नव्हती.

त्या रात्री तुमची वही उघडली. "दिवस 112. आज तीनदा फोन वाजू दिला, उचलला नाही." आणि त्याखाली, फोन करण्याआधी कागदावर लिहून घ्यायची चार वाक्यं. नाव. काम. 'जरा सावकाश बोलाल का?' आणि ऐकलेलं परत म्हणून दाखवणारं चौथं: 'म्हणजे मंगळवारी दहा वाजता, बरोबर?' या चौथ्याखाली तुम्ही दोन रेघा मारल्या होत्या. का, ते दुसऱ्याच दिवशी कळलं. मी वार चुकीचा ऐकला होता. परत म्हणून दाखवला म्हणून पलीकडच्या बाईंनी तो सुधारून दिला.

समासात तुम्ही कालेर्वो ओबर्ग हे नाव लिहून ठेवलं होतं, म्हणून शोधून वाचलं. या मानववंशशास्त्रज्ञाने 1954 साली रिओ द जानेरोमधल्या भाषणात 'कल्चर शॉक' समजावून सांगितला. हात कधी मिळवायचा, आमंत्रण कधी खरं मानायचं, कुणाचं बोलणं कितपत मनावर घ्यायचं, अशा शेकडो ओळखीच्या खुणांवर आपण जगत असतो. त्या एकदम हरवतात तेव्हा हा धक्का बसतो. त्याच पानावर स्वेरे लिसगार्ड यांचा 1955 चा अभ्यास होता. शिक्षणासाठी अमेरिकेत राहून आलेल्या 200 नॉर्वेजियन लोकांपैकी 6 ते 18 महिने राहिलेल्यांचं बस्तान सर्वांत कमी बसलेलं आढळलं. त्याहून कमी किंवा जास्त राहिलेल्यांचं बरं होतं. शेजारी तुमच्या अक्षरात, "सगळ्यांचंच असं होतं असं नाही." ताई, तो आकडा वाचून मला रडू आलं. तोवर मी दोष स्वतःलाच देत होतो.

तुम्ही स्वतःला कुठेच मोठं करून दाखवलं नाही, याचे आभार कसे मानू? "आज चौघी जमलो आणि दोन तास इथल्या लोकांना नावं ठेवली. तेव्हा बरं वाटलं, घरी आल्यावर वाटेनासं झालं." हे पान मी सर्वांत जास्त वेळा वाचलंय. आम्हीही दर शनिवारी तेच करत होतो. मी जाणं बंद केलं नाही, तुम्हीही केलं नव्हतं. पण तुमच्यासारखं एक काम सुरू केलं: ज्याचा राग आला ती गोष्ट लिहायची आणि दुसऱ्या दिवशी इथल्याच कुणाला तरी तिचा अर्थ विचारायचा. 'कधीतरी या' हे नुसतं निरोपाचं बोलणं असतं, तारीख ठरली तरच आमंत्रण, हे असंच कळलं. तोवर दोन महिने मी एका सहकाऱ्यावर मनातून रुसून होतो. त्यांना याचा पत्ताच नव्हता.

आता दीड वर्ष होईल. फोन पहिल्या घंटेला उचलतो. चार वाक्यांचा कागद पाकिटात आहे, पण गेल्या कित्येक महिन्यांत काढावा लागलेला नाही.

वही परत करायला मात्र थोडा उशीर होईल. पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच सुट्टीवर घरी जातोय, आणि "परत गेल्यावर" असं लिहून तुम्ही पिन मारून ठेवलेली शेवटची वीस पानं मी अजून उघडलेली नाहीत. ती घरी पोचल्यावरच वाचेन.

तुमचा,
धाकटा भाऊ