एडीबीचं कर्ज आणि आपण

संपादक महोदय,

मुंबई मेट्रोच्या २ए, २बी आणि ७ या लाइनसाठी आशियाई विकास बँकेने म्हणजे एडीबीने २०१९ मध्ये ९२.६ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं, त्याच वर्षी राज्यातल्या ग्रामीण रस्त्यांसाठीही २० कोटी डॉलर दिले, पण रोज त्या मेट्रोने किंवा त्या रस्त्याने जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं? १९६६ मध्ये सुरू झालेली, मनिलात हेडऑफिस असलेली ही बँक म्हणजे काही परकीय सावकार नाही, भारत तिचा संस्थापक सदस्य आहे, मात्र जपान आणि अमेरिका हे सगळ्यात मोठे भागधारक आहेत आणि अध्यक्ष आजवर कायम जपानीच झालाय, हे मला तरी पटत नाही.

तरी गावाकडचा पक्का रस्ता म्हणजे काय ते ज्याचा माल पावसाळ्यात चिखलात अडकलाय त्यालाच विचारा, त्यासाठी दीर्घ मुदतीचं कर्ज घेण्यात काही गैर नाही.

महत्त्वाचं म्हणजे एडीबीच्या प्रकल्पामुळे नुकसान झालं तर दोन किंवा जास्त बाधित लोक मिळून थेट बँकेकडे तक्रार करू शकतात, त्यासाठी वेगळी यंत्रणाच आहे, फक्त त्याआधी प्रकल्प बघणाऱ्या बँकेच्याच अधिकाऱ्यांकडे दाद मागावी लागते. ही माहिती कामाच्या बोर्डावर कंत्राटदाराच्या नावाखालीच ठळक मराठीत लिहा ना, आणि ग्रामसभेत वाचूनही दाखवा.

– एक वाचक, नाशिक