डोंगर बघून नव्हे, पेठ बघून या

महोदय,
सप्रेम नमस्कार.

निवृत्तीनंतर शहर सोडून डोंगराच्या पायथ्याशी राहायला जाण्याविषयीचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेख चांगला होता. पण त्याच पानावर खाली ‘सह्याद्रीच्या कुशीत, सुलभ हप्त्यांत’ अशी प्लॉटची जाहिरात होती, आणि लेख कुठे संपतो आणि जाहिरात कुठे सुरू होते ते माझ्या यजमानांना चष्मा लावूनही कळेना. मी मूळची डोंबिवली पूर्वेची. विमा कंपनीत कारकुनी केली आणि आम्ही दोघं निवृत्त झाल्यावर वाईला राहायला आलो. तेव्हापासून आमच्या ओळखीपाळखीतले निम्मे लोक ‘आम्हीही यायचं म्हणतोय, कसं आहे?’ असं फोनवर विचारतात. एकेकाला सांगून घसा बसायची वेळ आली आहे, म्हणून हे पत्र.

पहिला गैरसमज पावसाचा. डोंगराचा पायथा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बारमाही हिरवळ आणि दारातून वाहणारं पाणी येतं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून जेमतेम बत्तीस किलोमीटरवरच्या वाईत तो हजारापर्यंतही पोचत नाही. ढग वरच रिते होऊन येतात. जुलैत पाचगणी धुक्यात बुडालेली असताना आमच्या गच्चीवर कपडे वाळतात. आणि एप्रिल-मे मध्ये ऊन असं तापतं की डोंबिवलीचा घामट उन्हाळा बरा म्हणावा. मागचे डोंगर तेव्हा पिवळे नाहीतर काळे असतात. काळे का, ते पुढे सांगते.

प्लॉट बघायला येणारे मात्र ऑगस्ट-सप्टेंबरात येतात. एजंटच त्यांना तेव्हा आणतो. धोम धरण भरलेलं, पांडवगड हिरवागार, रस्त्याच्या कडेला मक्याची कणसं भाजणारे. अशा दिवशी खडकसुद्धा विकला जाईल, आणि विकला जातोच.

आमच्या ऑफिसातल्या एक बाई आणि त्यांचे यजमान अशाच एका ले-आउटमध्ये राहतात. पसरणीच्या बाजूला, उतारावर, बाल्कनीतून सगळं खोरं दिसतं. पसरणी म्हणजे शाहीर साबळ्यांचं गाव, तिथली माणसं गप्पिष्ट आणि अडीअडचणीला धावणारी. पण ले-आउट गावापासून लांब, गावठाणाच्या बाहेर. तिथे नगरपालिकेचं पाणी नाही, ग्रामपंचायतीचं आठवड्यातून काही तास येतं, आणि बोअरवेल काळ्या कातळात कितीही खोल घेतली तरी मार्चनंतर नुसता फुसफुस आवाज करते. समोर धोमचा जलाशय चमकतोय आणि घरात पाणी टँकरचं! धरणाचं पाणी कालव्यांनी खाली शेतीला जातं, ते उतारावर चढून कुणाच्या टाकीत येत नाही, हे प्लॉट घेताना कुणी सांगत नाही. आतले रस्ते कुणाच्याच ताब्यात नाहीत. बिल्डर म्हणतो पंचायतीकडे दिले, पंचायत म्हणते आमच्याकडे आले नाहीत. दोन पावसांत डांबर ओढ्यात गेलं.

फेब्रुवारीतल्या एका रात्री मी त्यांच्याकडे मुक्कामाला होते. नऊच्या सुमाराला डोंगराच्या वरच्या अंगाला एक नारिंगी रेघ दिसली. आधी वाटलं घाटातल्या गाड्यांचे दिवे आहेत. मग रेघ हलायला लागली. वणवा. वाळलेलं गवत कुणीतरी पेटवलेलं असतं, ‘पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं’ या समजुतीनं म्हणा किंवा उनाडपणानं म्हणा. वारा डोंगरावरून खाली होता, तासाभरात आग शेवटच्या बंगल्यांच्या कुंपणाशी. ले-आउटमधली मंडळी गच्चीवर उभी राहून मोबाइलवर चित्रण करत होती, दोघं-तिघं बागेच्या नळ्या ओढत होते, पण नळीला पाणी कुठलं? खालच्या वाडीतली पोरं निरगुडीच्या ओल्या डहाळ्या घेऊन वर आली. एका ओळीत उभी राहून गवत झोडपत, मागे सरकत, पुन्हा झोडपत. तोंडाला गमछे, पायात साध्या चपला. बारा वाजेपर्यंत आग आटोक्यात आली. दुसऱ्या दिवशी सगळीकडे राख, पडद्यांना धुराचा वास, आणि कुंपणाशी एक अर्धवट भाजलेला ससा. त्या पोरांतल्या एकाच्या घरची जमीन त्याच ले-आउटमध्ये गेली आहे आणि तो आता तिथेच वॉचमन आहे. बाईंनी पोरांना चहा केला. ती कपबशा घेऊन ओट्याच्या खाली बसली, वर आली नाहीत.

पाचगणी-महाबळेश्वरचा भाग २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तिथे बांधकामावर बंधनं आहेत. माझं मत असं की वर जे अडलं ते आता खाली पायथ्याला येऊन साचतंय. घाटाच्या पायथ्याचा प्रत्येक उतार कुणीतरी पायऱ्या-पायऱ्यांनी कापतोय. २०२१ च्या जुलैत आमच्या जिल्ह्यात पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावला दरडी कोसळल्या, माणसं गाडली गेली. ती गावं पिढ्यान्‌पिढ्या तिथे होती. नव्यानं उतार कापून घर बांधणाऱ्यांनी निदान ती दोन नावं तरी लक्षात ठेवावीत.

कागदपत्रांचं तर बोलूच नये. शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाही, हे आता सगळ्यांना माहीत असतं. म्हणून मग ‘एन.ए. (बिगरशेती) होणार आहे हो’, ‘सातबाऱ्यावर सामायिक नाव लागेल’, ‘आमच्याकडे सगळ्यांचं असंच आहे’ अशी वाक्यं येतात. यातलं एक जरी वाक्य कानावर पडलं तर चहा पिऊन उठावं.

आता पेठेविषयी. आम्ही वाईतल्या गंगापुरी आळीत वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. कृष्णेचा घाट चालत पाच मिनिटांवर, बँक, पोस्ट, औषधाचं दुकान, पिठाची गिरणी त्याहून जवळ. मिक्सरचं भांडं दुरुस्त करणारा, कुकरची शिट्टी बदलून देणारा, छत्रीची काडी लावून देणारा, असे तिन्ही कारागीर मला एकाच बोळात सापडले. डोंबिवलीत यातलं काही बिघडलं की नवीन आणायचो. गिरणीवाल्याला आता सांगावं लागत नाही की भाकरीचं पीठ जरा बारीक पाहिजे. मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला असते, संध्याकाळी जेवण लवकर आटपून लोक ऐकायला येतात आणि नंतर वक्त्याच्या चुका काढत घरी जातात. मराठी विश्वकोशाचं काम या गावात चाललं, त्याचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथे राहिले, त्याचा एक जरासा ताठा वाईकराच्या बोलण्यात असतो. तो मला आवडतो, सगळ्यांना आवडेल असं नाही.

माघापासून चैत्रापर्यंत कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सव. सात घाटांवर आळीपाळीनं, प्रत्येक आळीचे दिवस वेगळे. आमच्या यजमानांना पहिल्याच वर्षी पंगतीत वाढपी म्हणून उभं केलं, आमटीची बादली हातात दिली. सबंध नोकरीत फाइली वाढल्या असतील तेवढ्याच, पण त्या दिवसापासून त्यांना रस्त्यात दहा माणसं ‘काका’ म्हणून हाक मारतात. रंगपंचमीला बावधनच्या जत्रेतलं बगाड, म्हणजे बैलांनी ओढायचा नवसाचा गाडा. ही ओळख आठवड्यातून एकदा गाडी काढून पेठेत सामान आणायला येणाऱ्याला होत नाही. ती रोज पायी फिरणाऱ्यालाच होते.

याचा जाचही आहे. घर शोधत होतो तेव्हा भाडं सांगायच्या आधी आडनाव विचारलं गेलं, आणि आडनावावरून उलगडा झाला नाही तेव्हा ‘तुमच्यात मांसाहार चालतो का’ असं आडून. डोंबिवलीतही विचारायचे, फक्त सोसायटीच्या सेक्रेटरीकरवी. मुलगी आली की ‘जावई नाही आले?’ हा प्रश्न घाटापासून घरापर्यंत चार ठिकाणी. एकटी बाई, वेगळं जोडपं, वेगळ्या धर्माचं कुणी, यांना इथे घर मिळणं सोपं नाही. ‘छोट्या गावातली आपुलकी’ म्हणून लेखात जी येते तिची ही दुसरी बाजू कुणी लिहीत नाही.

कृष्णेचंही तसंच. ढोल्या गणपतीचा घाट फोटोत सुंदर दिसतो, १७६२ चं रास्त्यांचं देऊळ, काय दगड आणि काय बांधणी! पण खाली पाण्यात गावातले नाले सोडलेले आहेत, आणि धरणातून पाणी सुटत नसलं की घाटाशी हिरवं शेवाळ आणि निर्माल्याच्या पिशव्या. त्यातच चित्रपटवाले येऊन घाट अडवतात. नदीकाठी त्यांचा जनरेटर धडधडत असतो आणि म्हाताऱ्या बायकांना ‘आजी, फ्रेममध्ये येताय’ म्हणून बाजूला करतात.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, दवाखाना. सर्दी-ताप, बाळंतपण, हाडाचं प्लॅस्टर, ईसीजी हे वाईत होतं. हृदयाचं, मेंदूचं काही झालं की सातारा, पस्तीस किलोमीटर. त्याहून गंभीर असलं तर पुणे, म्हणजे नव्वदच्या आसपास, मध्ये खंबाटकीचा बोगदा. हे अंतर कागदावर फार वाटत नाही. पण नाताळच्या सुट्टीतल्या रविवारी संध्याकाळी महाबळेश्वरहून उतरणाऱ्या गाड्यांची रांग पसरणी घाटातून थेट गावात येते आणि सुरूर फाट्यापर्यंत मुंगीच्या पावलानं सरकते. त्याच उतारावरच्या ले-आउटमधल्या एका गृहस्थांच्या छातीत अशाच एका संध्याकाळी कळ आली. त्यांच्या रस्त्यापासून मुख्य रस्त्यावर यायलाच तास गेला, कारण बाहेर पडायला कुणी गाडीभर जागा देईना. गाडीवाल्यांचा दोष म्हणावा तर पुढच्याला तरी कुठे जागा होती? ते वाचले. आमच्या मजल्यावरून वाईतला दवाखाना माणूस खुर्चीत बसवून उचलून नेता येईल इतका जवळ आहे. माझ्या वयाच्या माणसानं दरीचा देखावा आणि हे अंतर एकाच तराजूत घालून बघावं.

रेल्वे नाही, हे डोंबिवलीकराला पहिली काही वर्षं फार लागतं. सगळ्यात जवळचं स्टेशन वाठार, तेही जवळ म्हणायचं एवढंच. पण एसटी आहे. बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढे सगळंच फुकट. स्वारगेटला जाऊन मुलीकडे दोन दिवस राहून येणं मला आजही रिक्षाच्या भाड्यात पडतं. उतारावरच्या मंडळींना आधी एसटी स्टँडवर यायलाच रिक्षा लागते, आणि संध्याकाळी सातनंतर रिक्षा वर यायला तयार नसते.

आपल्याला एक विनंती. अशा लेखांबरोबर प्लॉटच्या जाहिराती छापायच्या तर छापा, वर्तमानपत्रालाही पोट आहे. पण त्या जाहिरातीत ले-आउटला अंतिम मंजुरी आहे का, बिगरशेती आदेशाचा क्रमांक काय, आणि एप्रिलमध्ये पाणी कुठून येतं, या तीन गोष्टी छापायची अट घाला. मोठ्या टायपात. आणि आपल्या वार्ताहरानं एकदा फेब्रुवारीत रात्री आणि एकदा डिसेंबरातल्या रविवारी संध्याकाळी इकडे यावं.

ज्यांना यायचंच आहे त्यांनी प्लॉट घेण्याआधी वर्षभर गावठाणात भाड्यानं राहून बघावं. अकरा महिन्यांचा करार होतो, अनामत शहराच्या मानानं फार नसते. घर बघायला येताना एजंटची गाडी नको, एसटीनं या, स्टँडवरून चालत. वाटेत किराणा दुकानात थांबून टँकरचा भाव विचारा. दुकानदार तो लगेच सांगत असेल, तर त्या भागात टँकर नेहमी येतो असं समजा.

आपली,
एक वाचक, गंगापुरी, वाई (जि. सातारा)