परदेशी भाषेची पदवी परवडते, हे बारावीतच सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या वर्गातील एका मुलीने गेल्या मे महिन्यात एका खासगी क्लासचे माहितीपत्रक माझ्यापुढे ठेवले. तिला जपानी शिकायचे होते. वर्षाचे शुल्क पासष्ट हजार रुपये, भरण्यासाठी हप्त्यांची सोय, आणि शेवटी हाती पडणार ते त्या क्लासचेच प्रमाणपत्र. वडील यंत्रमागावर बारा तासांची पाळी करतात. पहिल्या हप्त्यासाठी आईने कानातली फुले गहाण ठेवायचे ठरवले होते.

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात जपानी, कोरियन, चिनी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, रशियन अशा भाषांत बी. ए. ऑनर्स करता येते, भाषा अगदी मुळाक्षरांपासून शिकवली जाते आणि वर्षाचे शिक्षणशुल्क काही शे रुपयांतच असते, हे त्या घरात कोणालाच माहीत नव्हते. वसतिगृह आणि मेसचा खर्च त्याहून बराच मोठा, परंतु दिल्लीत खोली घेऊन राहण्याच्या मानाने तोही पुष्कळ कमी. हैदराबादच्या इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठाचा पर्यायही आहे. हे सारे मी तिला सांगितले खरे, पण ज्या सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून हे प्रवेश होतात तिच्या अर्जाची मुदत तोवर उलटून गेली होती. हे अर्ज बोर्डाच्या परीक्षेच्या धामधुमीतच भरावे लागतात आणि आम्ही शिक्षक त्या दिवसांत मुलांना फक्त पेपरांविषयी सांगत असतो. हा दोष आमचा आहे.

कागदपत्रांचा प्रश्न याहून बिकट आहे. ओबीसी विद्यार्थ्यांना केंद्रीय विद्यापीठासाठी केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. शाळेपासून जपून ठेवलेले राज्याच्या नमुन्यातील प्रमाणपत्र तेथे चालत नाही. आर्थिक दुर्बल घटकाचा दाखलाही चालू आर्थिक वर्षाचा असावा लागतो. सेतू केंद्रात त्यासाठी दोन-तीन खेपा होतात आणि प्रत्येक खेपेला घरातल्या कोणाचा तरी रोज बुडतो.

ज्यांना दिल्ली-हैदराबाद शक्य नाही, त्यांनी जवळच्या महाविद्यालयात बी. ए. करता करता जेएलपीटी ही जपानी भाषेच्या प्रावीण्याची परीक्षा द्यावी. ही परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते आणि तिला बसण्यासाठी कोणत्याही क्लासचा दाखला लागत नाही. पुण्यात राहणाऱ्यांना रानडे इन्स्टिट्यूटमधील पुणे विद्यापीठाच्या परदेशी भाषा विभागात प्रमाणपत्र आणि पदविका अभ्यासक्रम करता येतात. आमची विद्यार्थिनी सध्या स्थानिक महाविद्यालयात शिकते आहे, सुताच्या हिशोबाच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर हिरागाना ही जपानी अक्षरे गिरवते आहे, आणि सीयूईटी देणार आहे.

कनिष्ठ महाविद्यालयांनी दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच बारावीच्या सर्व शाखांच्या वर्गांत ही माहिती द्यावी आणि तहसील कार्यालयाच्या मदतीने दाखल्यांचे शिबिर महाविद्यालयातच भरवावे, ही शिक्षण विभागाला आपल्या पत्रामार्फत विनंती आहे.

– एक कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षिका, इचलकरंजी