दोन कोऱ्या पट्ट्यांबद्दल आभार

प्रिय सिस्टर,

हे पत्र तुम्हाला आवडणार नाही. निघताना मी आभार मानायला लागले, तेव्हा "पुरे, बस चुकेल" म्हणत तुम्ही मला दारापर्यंत नेलंत. म्हणून आता चारचौघांत लिहितेय. तुमचं नाव घालत नाही, तेवढा शब्द राखते.

आई ज्या कॅथलिक शाळेत शिकली, ती बंद होऊन किती वर्षं झाली. तिचा इतिहास शोधायला मी निघाले होते. इमारत उभी आहे, पण दारावरचं संताचं नाव खरवडून काढलंय आणि आत दुसरीच संस्था आहे. तिथल्या साहेबांनी मला उभ्याउभ्याच सांगितलं, "जुनं सगळं रद्दीत गेलं." काहीही रद्दीत गेलं नव्हतं. त्यांनी कधी कोणाला विचारलंच नव्हतं. आणखी एका कचेरीने माझ्या तीन पत्रांना उत्तर दिलं नाही. चौथ्याला दिलं: सुवर्णमहोत्सवी स्मरणिका पाहावी. पाहिली. आधी पाहुण्यांचे फोटो, मग कोनशिला, मग नवी प्रयोगशाळा, मग देणगीदारांची यादी. मुली आहेत त्या एका संचलनात, तेही पाठमोऱ्या.

शाळा बिशपच्या धर्मप्रांताची नव्हती, तुमच्या धर्मभगिनींच्या संघाची होती. म्हणजे तिचे कागद तुमच्या मुख्य मठाच्या कपाटात असणार. दोन वर्षांत हे मला कोणीच सांगितलं नाही. तुम्ही फोनवर फक्त आईचं माहेरचं नाव विचारलंत आणि "गुरुवारी या" म्हणालात.

प्रवेशाच्या रजिस्टरचं पान सापडलं. मी त्यावर वाकणार, तेवढ्यात तुम्ही खणातून कोऱ्या कागदाच्या दोन पट्ट्या काढल्यात. एक आईच्या ओळीच्या वर ठेवलीत, एक खाली. "बाकीच्या मुलींनी तुम्हाला बोलावलेलं नाही," म्हणालात. मग शेवटच्या रकान्यावर तळहात ठेवलात. शाळा सोडल्याचं कारण. "इथे शेरा आहे. वाईट नाही. पण बघायचा की नाही, ते तुम्ही ठरवा." आणि गप्प बसलात. मला बराच वेळ लागला. तुमचा हात तसाच होता.

आई आयुष्यभर सांगत आली, मी ढ होते, म्हणून नववीतून काढलं. शेऱ्यात लिहिलं होतं: अभ्यासात हुशार, आईच्या आजारपणामुळे भावंडांना सांभाळायला घरी. आणि खाली वेगळ्या शाईत: फी बाकी नाही. ती कोणी भरली, हे इतिवृत्ताच्या वहीतही नव्हतं. "अशा गोष्टी आमच्याकडे लिहीत नसत," एवढंच म्हणालात.

खरं तर मी शाळेचा इतिहास विचारायला आले होते. तोही तुम्ही सांगितलात, शिक्षकवर्गाचे दरवर्षीचे फोटो पत्त्यांसारखे टेबलावर मांडून. पहिल्या फोटोत सगळी शिरोवस्त्रं, कोपऱ्यात एकच प्रापंचिक शिक्षिका. मग हळूहळू उलटं होत गेलं. शेवटच्या फोटोत एकच सिस्टर, त्याही खुर्चीत बसलेल्या. 28 ऑक्टोबर 1965 या एकाच दिवशी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, ख्रिस्ती शिक्षणाचं महत्त्व सांगणारा जाहीरनामा काढला आणि तुमच्यासारख्या व्रतस्थ संघांना आपल्या मूळ प्रेरणेकडे वळा असं सांगणारा आदेशही. दुसरा वाचून तुमच्यातल्या काही जणी वर्ग सोडून वस्त्यांत कामाला गेल्या. नव्या मुली संघात येणं कमी होत होतंच. मग पगारी शिक्षक आले, खर्च वाढला, फी वाढली, पट घसरला. मी एखादा खलनायक शोधत होते. तुम्ही तो मला मिळू दिला नाहीत.

खरवडलेल्या नावाचा रागही उतरवलात. 'कॅथलिक शाळा' हे नाव कोणालाही आपल्या मर्जीने लावता येत नाही, 1983 च्या धर्मसंहितेतलं, म्हणजे चर्चच्या कायद्यातलं, 803 वं कलम त्यासाठी धर्माधिकाऱ्यांची संमती मागतं. मग शाळाच राहिली नाही तर दारावर संताचं नाव तरी कशाला ठेवतील? आणि मेरी वॉर्ड या इंग्रज धर्मभगिनीची गोष्ट सांगितलीत. 1609 साली तिने मुलींना शिकवायला संघ काढला, मठाच्या भिंतीआड राहायला नकार दिला आणि 1631 साली पोपने तो संघच मोडीत काढला. तरी तिच्या परंपरेतल्या शाळा आजही चालू आहेत. "बंद पडायची सवय आहे आम्हाला," म्हणालात आणि एवढ्या मोठ्याने हसलात की बाहेरून कोणीतरी डोकावलं.

मला वाटतं, सभ्य माणूस ओळखायचा तो त्याच्या हातात दुसऱ्याचे कागद असताना. साहेबांकडे काही नव्हतं, तरी तोरा केवढा. तुमच्याकडे शेकडो मुलींची घरं उघडी पडतील एवढं होतं, आणि तुम्ही माझ्यापुरती एक ओळ उघडलीत. ज्यांची नावं मी पाहिली नाही, त्यांच्या वतीनेही आभार मानते.

आईला सांगितलं. फोनवर ती इतका वेळ बोललीच नाही की मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाली, "अक्षर कोणाचं होतं?" मला कसं कळणार? फोटो तुम्ही काढू दिला नव्हता, आणि बरोबरच होतं ते. आता ती स्वतः येते म्हणतेय, गुडघे दुखत असताना. दोन्ही शायांची अक्षरं ओळखेन, असा तिचा दावा आहे.

पट्ट्या खणातच असू द्या.

तुमची,
नववीतून घरी बसलेल्या एका हुशार मुलीची मुलगी