अर्नाळकरांची यादी कोण करणार? मराठी भाषा मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई
यांस,

सविनय नमस्कार.

बाबुराव अर्नाळकरांच्या नावाने पुरस्कार सुरू करा, एखाद्या चौकाला त्यांचं नाव द्या, असलं काही मी मागत नाही. माझी मागणी किरकोळ आहे, आणि म्हणूनच ती फाइलींच्या तळाशी जाईल अशी धास्ती वाटते. अर्नाळकरांनी लिहिलेल्या पुस्तकांची एक पक्की यादी करा, आणि तिच्यातलं जे पुस्तक राज्यातल्या कुठल्याही वाचनालयात शिल्लक असेल ते स्कॅन करून घ्या. पानांचा भुगा व्हायच्या आत.

आपल्या कार्यालयातल्या तरुण मंडळींना हे नाव नवं असू शकेल, म्हणून थोडं सांगतो. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचं खरं नाव. लेखणीला मात्र त्यांनी वसई-विरारच्या किनाऱ्यावरचा अर्नाळा लावला आणि चव्हाण मागे पडले. १९९६ साली ते वारले. हजारावर रहस्यकथा त्यांच्या नावावर आहेत. गिनीज बुकाचा हवाला देऊन १०४२ हा आकडा नेहमी सांगितला जातो. आकडा सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्यातल्या प्रत्येक पुस्तकाचं नाव, प्रकाशक आणि साल विचारलं की मात्र शांतता पसरते. ज्या लेखकाची सगळी ओळखच संख्येवर उभी आहे, त्याच्या पुस्तकांची मोजदाद कागदावर नसावी, हे त्यांच्याच एखाद्या कथेत शोभलं असतं.

मी एका तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. झुंजार, काळापहाड, गुप्तहेर धनंजय आणि त्याचा मदतनीस छोटू ही अर्नाळकरांच्या नायकांची नावं देवघेवीच्या खिडकीवर मी मोठमोठ्या साहित्यिकांच्या नावांपेक्षा जास्त वेळा ऐकली. ‘नवीन झुंजार आलाय का?’ असंच लोक विचारत. पुस्तकाचं नाव कोणी घेत नसे. संध्याकाळी नेलेली कथा दुसऱ्या दिवशी परत यायची, कारण घरातल्या तिघांनी ती रात्रीतून संपवलेली असायची. ज्यांनी शाळा चौथी-पाचवीत सोडली होती, अशी माणसं सलग शंभर पानं वाचायला शिकली ती या कथांवर. झुंजार तर कायद्याच्या जरा पलीकडे उभा राहून दुष्टांना धडा शिकवणारा गडी; त्याची विजया सोबतीला. पोलीस चौकीची पायरी चढताना ज्यांचे पाय लटपटत, त्यांना असा माणूस किती जवळचा वाटला असेल हे सांगायला समीक्षक लागत नाही.

समीक्षकांनी तसंही काही सांगितलं नाही. जे थोडं बोलले ते नाक मुरडूनच. त्यांचं सगळंच चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. अर्नाळकरांच्या मागे इंग्रजी रहस्यकथांची सावली स्पष्ट दिसते, बेतलेली कथानकं आहेत, एकाच साच्यातून निघालेली खलनायकांची फौज आहे. महिन्याला दोन-तीन पुस्तकं हातावेगळी करणाऱ्याकडून दुसरं काय होणार? पण त्यांचा संवाद वाचून बघा. वाक्य छोटं, क्रियापद नेमकं, वर्णनाचं पाल्हाळ नाही. मुंबईचे रस्ते, बंदर, बंगले, रात्रीच्या टॅक्स्या यांचं इतकं धावतं मराठी तोवर फार थोड्यांनी लिहिलं होतं. स्वातंत्र्याच्या आगेमागे सामान्य माणूस छापील मराठी म्हणून काय वाचत होता, याचा अभ्यास करायचा तर या पुस्तकांना वळसा घालून जाता येत नाही.

आता अडचण सांगतो. ही पुस्तकं स्वस्त राहावीत म्हणून हलक्या कागदावर छापली जात. लाकडाच्या लगद्याचा तो कागद. त्यात आम्ल असतं. ते कागदाला आतूनच खात जातं, पान आधी पिवळं, मग तपकिरी होतं आणि शेवटी घडीवर तुटतं. बाइंडरकडे द्यावं तर दोरा धरायला समासच उरलेला नसतो. त्यात भर आमच्या नियमांची. फाटलेलं, जीर्ण झालेलं पुस्तक बाद करायचं, दाखल नोंदवहीत तांबडी रेघ मारायची आणि गठ्ठा रद्दीत द्यायचा. जे पुस्तक सर्वांत जास्त वाचलं जातं ते सर्वांत आधी फाटतं, म्हणून तेच सर्वांत आधी बाद होतं. कोणी फिरकलं नाही असे जाडजूड ग्रंथ मात्र कोऱ्या कण्यांनिशी कपाटात सुखरूप असतात. आमच्याकडे हेच झालं, आणि इतर ग्रंथपालांशी बोलताना कळलं की त्यांच्याकडेही.

‘कॉपीराइट आहे, आम्ही काय करणार?’ असं उत्तर येईल याची मला कल्पना आहे. कॉपीराइट आहेच. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, म्हणजे अर्नाळकरांच्या बाबतीत २०५६ सरेपर्यंत. तोवर हा कागद टिकणार नाही. पण २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, आणि कलम ५२ मध्ये एक सोय आली. नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या पुस्तकाची छापील प्रत असेल, तर जतनासाठी तिची इलेक्ट्रॉनिक प्रत त्याला साठवता येते. नेटवर सगळ्यांसाठी टाकता येणार नाही, हे कबूल. जपून ठेवता येईल, आणि आज तेवढंच हवं आहे. त्यासाठी नवा कायदा नको, दिल्लीची परवानगी नको. एक परिपत्रक, काही स्कॅनर आणि ते चालवणारी माणसं एवढ्यावर भागेल.

यादीचं कामही वाटतं तितकं अवघड नाही. १८६७ च्या मुद्रण आणि पुस्तक नोंदणी कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत सरकारकडे द्यावी लागे. सरकारने त्याची नोंद ठेवायची आणि ती दर तिमाहीला राजपत्रात छापायची: पुस्तकाचं नाव, लेखक, मुद्रक, पानं, किंमत, किती प्रती काढल्या तेसुद्धा. पुढे १९५४ च्या कायद्याने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह आणखी तीन ठिकाणी प्रत पाठवणं प्रकाशकांवर बंधनकारक झालं. सगळ्यांनीच ते इमानाने पाळलं असेल असं समजण्याइतका मी भोळा नाही. तरीही जुन्या राजपत्रांच्या पुरवण्या एका बाजूला, ठाणे, मुंबई, पुण्याच्या जुन्या ग्रंथसंग्रहालयांच्या नोंदवह्या दुसऱ्या बाजूला, असं घेऊन दोन-चार अभ्यासू मुलं बसवली तर यादीचा मोठा भाग उभा राहील. धनंजयाने तपास असाच सुरू केला असता, आणि छोटूला दफ्तरखान्याची धूळ झाडायला लावलं असतं.

तमिळनाडूकडे पाहा, असं म्हटलं की आपल्याकडे कपाळाला आठ्या पडतात. पण या एका बाबतीत पाहायलाच हवं. तिथलं सरकार लेखकाच्या वारसांना एकरकमी मोबदला देऊन त्याचं साहित्य सर्वांसाठी खुलं करतं. सुब्रमण्यम भारतींच्या साहित्यापासून १९४९ मध्ये सुरुवात झाली, आणि पुढे साप्ताहिकांतून लोकप्रिय कादंबऱ्या लिहिणाऱ्या कल्कींचं साहित्यही असंच खुलं झालं. वारसांची राजीखुशी असेल तर आपल्याकडे रहस्यकथाकारांपासून सुरुवात का होऊ नये? मोठ्या नावांना प्रकाशक आहेत. कुठला प्रकाशक बंद पडला, हक्क कोणी कोणाला विकले, याचा थांग लागत नाही तो नेमका या मंडळींच्याच बाबतीत. राजहंस प्रकाशनाने निवडक अर्नाळकर पुन्हा छापले, त्यांना धन्यवाद. पण निवडक म्हणजे निवडक. हजार पुस्तकांचा भार खाजगी प्रकाशकाने का उचलावा?

अर्नाळकर हे फक्त पहिलं नाव. गुरुनाथ नाईक २०२१ मध्ये गेले. बाराशेवर कादंबऱ्या त्यांच्या नावावर सांगितल्या जातात. सुहास शिरवळकर २००३ मध्ये गेले. त्यांना एका सिनेमाने पुन्हा दुकानाच्या दर्शनी फळीवर आणलं, ते त्यांच्या सामाजिक कादंबरीमुळे. त्यांच्या रहस्यकथांचे नायक फिरोज इराणी आणि दारा बुलंद यांचं ऋण तो सिनेमा फेडू शकत नव्हता. यांची पुस्तकं अजून बरी मिळतात. म्हणूनच ती आत्ता जमवणं स्वस्तात होईल, वीस वर्षांनी नाही.

एक अडथळा आपल्याच हातातला आहे. मराठी भाषा विभाग आपल्याकडे. ग्रंथालय संचालनालय मात्र उच्च व तंत्र शिक्षण विभागाकडे. पुस्तकं त्यांच्या अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयांत, भाषेची काळजी आपल्या खात्यात. पत्र या मजल्यावर दिलं की त्या मजल्यावर पाठवतात, तिथून ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ परत येतं. आपल्या विभागाच्या राज्य मराठी विकास संस्थेला दुर्मीळ पुस्तकं संगणकावर आणायचा अनुभव आहे. दोन्ही खात्यांच्या सचिवांना एकदा समोरासमोर बसवलंत तर हा प्रश्न एका बैठकीत सुटेल असं मला वाटतं.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा मीही पेढे वाटले. त्या दर्जापाठोपाठ जो निधी, जे प्रकल्प येतील त्यांत शिलालेख, ताम्रपट, पोथ्या असतील आणि असायलाच हव्यात. पण ताम्रपट अजून पाचशे वर्षं थांबू शकतो. आठ आण्याची रहस्यकथा थांबू शकत नाही. चर्नी रोडला मराठी भाषा भवनाची जागा ठरली आहे. तिथल्या एका खोलीत ही पुस्तकं आणि त्यांच्या प्रती ठेवल्या, तर गिरगावातल्या जुन्या छापखान्यांच्या शेजारीच ती राहतील.

परिपत्रक निघेपर्यंत निदान एक करा: रहस्यकथा बाद करायच्या असतील तर संचालनालयाला कळवल्याशिवाय रद्दीत देऊ नयेत, एवढी एका ओळीची सूचना वाचनालयांना पाठवा. आमच्या वाचनालयात उरलेल्या अर्नाळकरांची यादी मी हाताने लिहून तयार ठेवली आहे. काही पुस्तकांना मुखपृष्ठ नाही, काहींची शेवटची पानं गेली आहेत, तसा शेरा समोर मारला आहे. ती कोणत्या टेबलावर पाठवायची तेवढं कळवावं.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल