पोर्टच्या कोठारात काय पाहावे, काय चाखावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोर्तुगालच्या सहलींच्या जाहिराती हल्ली मराठी वर्तमानपत्रांत नेमाने दिसतात. पोर्टो शहराच्या दिवशी त्यांत 'पोर्ट वाइनच्या कोठाराला भेट, माहिती व चव' अशी एक ओळ हमखास असते. ही भेट अवश्य द्यावी. मात्र सर्वांत स्वस्त तिकिटावर बहुधा जे तीन ग्लास पुढे येतात, त्यांतून पोर्ट, म्हणजे मद्यार्क मिसळून गोडी राखलेली ही वाइन, काय चीज आहे हे कळत नाही. एक पांढरी, एक रुबी म्हणजे गडद लाल आणि एक साधी टॉनी म्हणजे फिकट, तांबूस, अशा तिन्ही वाइन कोवळ्या, जेमतेम तीनेक वर्षांच्या असतात. गोव्यात 'पोर्ट' या नावाने मिळणारी स्वस्त, गोड, लाल वाइन ज्यांनी घेतली आहे, त्यांचे मत मग ठरून जाते: 'तीच, जरा बरी.' शेजारच्याच दालनात वीस-तीस वर्षे मुरत पडलेली पिंपे असताना लोक हे मत घेऊन परततात, याची फार हळहळ वाटते. म्हणून हे पत्र.

प्रथम जागेविषयी. ही कोठारे पोर्टोत नाहीत. ती दोउरो नदीच्या दक्षिण काठावर, विला नोवा द गाया या गावात आहेत. साओ बेंतो स्थानकावरून मेट्रोची पिवळी मार्गिका धरली की दुमजली लुईस पुलाच्या वरच्या मजल्यावरून नदी ओलांडून ती पुढच्याच थांब्यावर, जार्दिम दो मोरो येथे, सोडते. तिथून उतार आहे, रोपवेही आहे. रिबेइरा या पोर्टोच्या नदीकाठच्या भागातून पुलाच्या खालच्या मजल्यावरून पायी गेले तरी चालते. सँडमन, कालेम, रामोस पिंतो ही पोर्ट बनवणारी घराणी नदीलगत आहेत. टेलर आणि ग्रॅहम यांच्याकडे चढण चढावी लागते. गुडघे दुखणाऱ्यांनी ते आधी लक्षात घ्यावे.

गायाला द्राक्षमळा दिसत नाही. मळे आहेत नदीच्या वरच्या अंगाला, शंभरेक किलोमीटर पूर्वेस, शिस्ट या पापुद्र्यांच्या दगडाच्या उभ्या उतारांवर. त्या भागाच्या सीमा १७५६ मध्ये पोर्तुगालचे मंत्री मार्किस द पोंबाल यांनी आखून दिल्या. मळे पाहायचे तर रेल्वेने पिन्याओला जावे. एका दिशेचा प्रवास अडीच तासांच्या आसपास होतो, म्हणून त्यासाठी वेगळा दिवस ठेवावा. द्राक्षतोडणी सप्टेंबरात सुरू होते. गायाच्या कोठारात मात्र बारा महिने एकच काम चालते, वाइन मुरवण्याचे. दोउरोच्या खोऱ्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. गायाला अटलांटिकचा गार, दमट वारा मिळतो, त्यामुळे वाइन सावकाश मुरते आणि पिंपांतून कमी उडते. पूर्वी तोडणीनंतरच्या वसंतात राबेलो नावाच्या सपाट बुडाच्या नावांतून पिंपे खाली येत. खडकाळ धारांचा तो प्रवास जिवावरचा होता. वालेइराच्या खळाळत्या वळणावर १८६१ मध्ये होडी उलटून दोउरोचा नकाशा काढणारे जोसेफ जेम्स फॉरेस्टर बुडाले. त्याच होडीतल्या दोना आंतोनिया फेरेरा वाचल्या आणि पुढे त्यांनी या खोऱ्यातली सर्वांत मोठी मळेवाली म्हणून नाव कमावले. आज वाइन टँकरने येते आणि काठाला बांधलेल्या राबेलो शोभेपुरत्या असतात. १९८६ पर्यंत पोर्टची निर्यात गायाच्या कोठारांतूनच करण्याचे कायद्याने बंधन होते. एवढी कोठारे एकाच टेकडीवर का दाटली, याचे उत्तर त्यात आहे.

आता वाइन कशी होते ते थोडक्यात. साध्या रेड वाइनमध्ये द्राक्षरसातली जवळजवळ सगळी साखर आंबून तिचा मद्यार्क होतो. पोर्टमध्ये दोन-तीन दिवसांतच, निम्मी साखर शिल्लक असताना, द्राक्षांपासूनच काढलेला ७७ टक्के तीव्रतेचा मद्यार्क ओततात. त्यात यीस्ट मरते आणि आंबणे थांबते. प्रमाण ढोबळमानाने ४३५ लिटर रसाला ११५ लिटर मद्यार्क, मिळून ५५० लिटरचे एक पिंप. तयार वाइनमध्ये १९ ते २२ टक्के मद्यार्क आणि लिटरमागे शंभर ग्रॅमच्या आसपास साखर उरते. ही गोडी द्राक्षाची स्वतःची आहे, वरून साखर घालत नाहीत. सालीतला रंग आणि तुरटपणा दोन दिवसांत उतरवायचा म्हणून ग्रॅनाइटच्या उथळ हौदांत द्राक्षे पायांनी तुडवण्याची पद्धत काही मळ्यांवर अजून पाळतात. पायाने बी फुटत नाही, त्यामुळे कडवटपणा येत नाही.

इथपर्यंत सगळ्या लाल पोर्ट सारख्याच. पुढे त्यांची दोन कुळे होतात, आणि कोठाराची भेट त्यासाठीच आहे. एका कुळातली वाइन लहान लाकडी पिंपांत मुरते, दुसऱ्यातली मोठ्या रांजणांत किंवा बाटलीत. लाकडाच्या छिद्रांतून हवा आत येते. तिने लाल रंग विटून विटेसारखा, पुढे मधासारखा होतो. ताज्या फळांची चव मागे पडून अक्रोड, सुके अंजीर, संत्र्याची साल, जळकी साखर अशा चवी येतात. हे टॉनीचे कूळ. दुसऱ्या कुळात रुबी, लेट बॉटल्ड व्हिंटेज म्हणजे एलबीव्ही, आणि व्हिंटेज, म्हणजे एकाच चांगल्या वर्षाच्या द्राक्षांची वाइन, येतात. त्यांना हवेपासून शक्य तितके दूर ठेवतात. एलबीव्ही तोडणीनंतर चौथ्या ते सहाव्या वर्षी बाटलीत भरतात. व्हिंटेज दुसऱ्या-तिसऱ्याच वर्षी, न गाळता भरतात आणि मग ती काळोखात, काचेत, दशकानुदशके मुरते. व्हिंटेज दरवर्षी निघत नाही. २०११, २०१६, २०१७ ही बहुतेक घराण्यांनी जाहीर केलेली अलीकडची वर्षे.

हे कोठारात डोळ्यांनी पाहता येते, आणि गाइड घाईत असला तरी आपण पाहावे. अरुंद, लांबट पिंपे एकावर एक रचलेली दिसतील. त्यांची धारणक्षमता साधारण ५५० ते ६३० लिटर असते. पलीकडे माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीचे, हजारो लिटरचे लाकडी रांजण उभे असतात. लहान पिंपात वाइनच्या मानाने लाकडाचा स्पर्श जास्त, म्हणून तिथे टॉनी. रांजणात तो कमी, म्हणून तिथे रुबी आणि एलबीव्ही. लाकूड दोन्हीकडे मुद्दाम जुने वापरतात. नव्या ओकचा व्हॅनिलासारखा वास पोर्टमध्ये नको असतो, हवा असतो तो फक्त श्वास. जुने पिंप गळू लागले की ते फेकत नाहीत, फळ्या बदलून पुन्हा बांधतात. कॉकबर्नच्या कोठारात हे काम करणारे कारागीर प्रत्यक्ष पाहायला मिळतात, आणि नुसत्या चित्रफितीपेक्षा ते पाहणे कितीतरी मोलाचे आहे. भिंती जाड, छत उंच, खिडक्या नावापुरत्या आणि जमीन बऱ्याच ठिकाणी मातीची असते. उन्हाळ्यात हवा दमट राहावी म्हणून तिच्यावर पाणी शिंपडतात. तरीही पिंपातली वर्षाला दोनेक टक्के वाइन हवेत जाते. चाळीस वर्षांच्या टॉनीची किंमत का चढते, हे त्यावरून समजावे. अंगावर एखादे जाकीट असावे, पायांत सपाट तळव्याचे बूट.

कोणत्या घराण्यात जावे, हा प्रश्न लोक आधी विचारतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणता चवीचा संच निवडावा. सँडमनचे गाइड काळी शाल आणि रुंद काठाची टोपी घालून फिरवतात, फोटो छान येतात. फेरेराकडे दोना आंतोनियांचा इतिहास आहे. टेलरकडे ध्वनियंत्र कानाला लावून स्वतःच्या गतीने फिरता येते. गटाबरोबर धावायचे नसेल त्यांना ते बरे. पण कुठेही जा, एका संचात एलबीव्ही किंवा व्हिंटेज आणि दहा, शक्यतो वीस वर्षांची टॉनी एकत्र असेल असा संच घ्या. दोन्ही कुळे शेजारी ठेवून चाखली की वर लिहिलेले सगळे एका घोटात कळते. पैसे थोडे जास्त लागतात. वाटल्यास मूळ तिकीट साधे घेऊन वीस वर्षांच्या टॉनीचा एक ग्लास वेगळा मागवावा, अनेक ठिकाणी तो मिळतो. इंग्रजी फेरीची वेळ आधी आरक्षित करावी, कारण पोर्तुगीज, स्पॅनिश, फ्रेंच फेऱ्या अधेमधे असतात आणि उन्हाळ्यात जागा भरतात. सहल-आयोजकांनीही याच दृष्टीने तिकिटे काढावीत आणि दीड तास हाताशी ठेवावा, अशी त्यांना कळकळीची विनंती आहे. फेरी पाऊण तास चालते आणि चवीला दहा मिनिटे उरतात, हे नेहमीचे दुखणे आहे.

चव घेताना पांढरी आधी, मग रुबी-एलबीव्ही, शेवटी टॉनी. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून कडेचा रंग पाहावा. रुबीची कड जांभळट, टॉनीची तांबूस-सोनेरी. नाक ग्लासात खुपसू नये, वीस टक्के मद्यार्क नाकाला झोंबतो आणि मग पुढचे काही कळत नाही. ग्लास हनुवटीजवळ धरून हलका वास घ्यावा. घोट लहान घ्यावा, तोंडात फिरवावा आणि गिळल्यावर चव किती वेळ टिकते ते पाहावे. चांगली जुनी टॉनी मिनिटभर रेंगाळते. शेवटाला आंबटपणाची धार असते, म्हणून ती गोड असूनही पाकट लागत नाही.

प्रमाणाचा हिशेबही करावा. पन्नास मिलिलिटरचे तीन ग्लास म्हणजे तीस मिलिलिटर शुद्ध मद्यार्क; व्हिस्कीच्या साठ मिलिलिटरच्या पेगात तो सव्वीसच्या आसपास असतो. गोडीमुळे हे जाणवत नाही, आणि एका दुपारी तीन कोठारे करणारे पुलावर बसून राहतात. दोनच कोठारे करावीत, पोटात काही असावे, अधूनमधून पाणी प्यावे. थुंकण्यासाठी भांडे मागितले तर कोणी वावगे मानत नाही, जाणकार तेच करतात. मधुमेही वाचकांसाठी: या तीन ग्लासांत पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे तीन चहाचे चमचे. मोटार चालवायची असेल त्याने चाखूच नये.

शेवटी खरेदी, कारण खरी चूक इथे होते. लोक 'सर्वांत भारी' म्हणून व्हिंटेज उचलतात. ती आडवी, अंधारात, पंधरा अंशांच्या आसपास ठेवावी लागते. मुंबई-नागपूरच्या उन्हाळ्यात कपाटात ठेवलेली व्हिंटेज दोन-तीन वर्षांत शिजल्यासारखी होते. उघडण्याआधी ती एक दिवस उभी ठेवून गाळ तळाशी बसू द्यावा लागतो, मग वाइन हळूच दुसऱ्या भांड्यात निथळून घ्यावी लागते, आणि एक-दोन दिवसांत संपवावी लागते. त्यासाठी घरी सहा-आठ पाहुणे हवेत. आपल्या हवेला आणि आपल्या घोटभर पिण्याच्या सवयीला दहा किंवा वीस वर्षांची टॉनी जास्त मानवते. तिने हवा आधीच पचवलेली असते. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे टिकते, बूच हाताने निघते, गाळ नसतो. बाटली उभी ठेवावी. एलबीव्ही मधली वाट आहे, पण उघडल्यावर चार-पाच दिवसच. तिच्यातही न गाळलेली आणि गाळलेली असे दोन प्रकार असतात. न गाळलेलीला लांब बूच असते आणि ती निथळावी लागते. काहीही असो, ग्लासात ओतण्यापूर्वी बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये असावी. तीस अंशांच्या खोलीत पोर्ट नुसती दारूसारखी जळजळीत लागते.

लेबलावरचे 'वीस वर्षे' म्हणजे एका वर्षाची वाइन नव्हे. ते निरनिराळ्या वयांच्या वाइनचे मिश्रण असते, आणि त्या वयाचा गुण त्यात आहे की नाही हे दोउरो-पोर्टो वाइन संस्थेचे परीक्षक चाखून ठरवतात. एकाच वर्षाची, निदान सात वर्षे लाकडात मुरलेली टॉनी हवी असेल तर 'कोल्येइता' हा शब्द शोधावा. लग्नाच्या किंवा जन्माच्या वर्षाची बाटली भेट द्यायची असेल तर हीच घ्यावी. टॉनी बाटलीत सुधारत नाही, म्हणून मागच्या लेबलावर बाटलीबंद केल्याचे वर्ष असते ते ताजे पाहून घ्यावे. गळ्यावर त्या संस्थेची क्रमांकित पट्टी असते. ती नसेल तर बाटली घेऊ नये. भारतात परतताना माणशी दोन लिटर मद्य शुल्काविना आणता येते, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या आणि एक अर्धी. त्या विमानतळावर नव्हे, कोठारात चाखून घ्याव्यात आणि कपड्यांत गुंडाळून चेक-इनच्या सामानात मधोमध ठेवाव्यात. हातातल्या सामानात त्या सुरक्षा तपासणीत अडतात.

कळावे,
आपला नियमित वाचक,
नाशिक