वहिनी, लसीसाठी दूध तोडू नकोस

लेस्टर, इंग्लंड,
14 फेब्रुवारी 2021

प्रिय वहिनी,

काल फोनवर आई शेजारीच बसलेली, त्यामुळे मोकळेपणी बोलता आलं नाही. लस मिळावी म्हणून मनूचं अंगावरचं दूध तोडायचं चाललंय, असं दादा म्हणाला. जरा थांब.

तुझी अडचण मला कळते. ड्युटी कोविड वॉर्डात, बरोबरीच्या सिस्टरांनी जानेवारीतच लस घेतली आणि तुझं नाव मात्र 'स्तनदा माता' म्हणून बाजूला. इथेही डिसेंबरात हेच होतं. फायझरची लस आली तेव्हा पाजणाऱ्या बायकांना थांबायला सांगितलं. आमच्या एक्स-रे विभागातल्या एकीने घाईघाईने बाळाला पावडरच्या डब्यावर आणलं. 30 डिसेंबरला नियम फिरला, पाजत असलात तरी लस घेता येईल म्हणाले. तोवर तिचं दूध आटलेलं. परत आणायला तिने काय काय केलं ते भेटीतच सांगेन.

बंदी होती ती काही अपाय दिसला म्हणून नव्हे. चाचण्यांत पाजणाऱ्या बायका घेतल्याच नव्हत्या, त्यामुळे कोणाकडे आकडेच नव्हते. या लसींत शरीरात वाढणारा विषाणू नसतो, मग दुधातून बाळाला जाणार काय? परवा बुधवारी जागतिक आरोग्य संघटनेनेही ॲस्ट्राझेनेकाच्या लसीबद्दल तेच सांगितलं: पाजणाऱ्यांना द्या, दूध बंद करायला लावू नका. ती लस म्हणजे आपल्या पुण्यात बनणारी कोविशील्डच की! इथल्या नर्सला चालते, तुला नाही. तिकडचा नियमही बदलेल असं मला वाटतं, पण एकदा आटलेलं दूध असं सहज परत येत नाही गं.

मी जानेवारीअखेर घेतली. दंड इतका ठणकला की इराला दोन दिवस एकाच कुशीवर पाजलं. रात्री थोडी कणकण आली, बस. इथे वजन करायलाही कोणी येत नाही, नर्सबाई फोनवरूनच चौकशी करतात. मग समीर इराला घेऊन काट्यावर उभा राहतो, नंतर एकटा, आणि वजाबाकी. इराचं वजन छान वाढतंय. समीरचं जरा जास्तच, बाळंतिणीचे डिंकाचे लाडू तोच संपवतो.

सप्टेंबरात तू पॉझिटिव्ह आलीस तेव्हा आत्या 'बाळाला लांब ठेव' म्हणून मागे लागल्या होत्या. तू मास्क लावून, हात धुऊन पाजतच राहिलीस. कोविड होऊन गेलेल्या बायकांच्या दुधात त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडं सापडली आहेत, हे आत्यांना जरूर सांग. आई म्हणते, आठ महिने झाले, आता नाचणीची पेज खातेय, पुरे. पेज खाऊ दे, पण म्हणून दूध कशाला बंद? हां, नाइट करून तुलाच पाजणं नकोसं झालं असेल तर खुशाल तोड, कोणाला विचारूही नकोस. फक्त लसीपायी नको.

तोवर मेट्रनबाईंना गाठ. लस देता येत नसेल तर निदान कोविड वॉर्डातून काढून ओपीडीत टाका म्हणावं. अर्ज दादाला लिहायला लाव, असली कामं त्याला छान जमतात. आणि त्यांचं उत्तर लेखीच माग.

तुझी,
मेघा